टेस्टर पेटतो, पण एसी उठत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, चार वर्षं झालेला. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा रिमोटने बंद केला, तो आता ऑक्टोबरच्या उकाड्यात पहिल्यांदा लावायला गेलात. बीप नाही, दिवा नाही, हवा सोडणारी पट्टीही हलत नाही. रिमोटचे सेल बदलून झाले. टेस्टर लावून बघितला, सॉकेटमध्ये करंट आहे. मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं की बोर्ड (एसीच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला, सात हजार लागतील. आणि आता तुम्ही विचारताय, बोर्ड बदलू की नवीन एसीच घेऊ?

आज तरी दोन्ही नको. बोर्ड गेलाच नसेल असं मी म्हणत नाही. पावसानंतर बोर्ड जातात, दरवर्षी बघतो. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून एवढंच कळतं की इनडोअर, म्हणजे खोलीतलं युनिट, मेल्यासारखा पडलाय. त्याच्यापर्यंत वीज पोचते आणि तरी तो उठत नाही, की वीज पोचतच नाही, हे अजून कुणी तपासलेलं नाही. फोनवरून ते कुणालाच दिसणार नाही, मलाही नाही. फोंड्याच्या बाजूला बावीस वर्षं हेच काम करतोय. ‘बोर्ड गेला’ म्हणून ज्यांच्याकडे मी नंतर गेलो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बोर्ड शाबूत होता आणि दोष त्याच्या अलीकडे कुठेतरी होता.

आधी त्या टेस्टरचं बघू, कारण तुमची फसगत तिथेच झाली असण्याची शक्यता आहे. टेस्टर फक्त एक गोष्ट सांगतो: फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आलाय. वीज परत जायची वाट, म्हणजे न्यूट्रल, धड आहे की नाही हे त्याला कळत नाही. फेज आहे आणि न्यूट्रल तुटलाय अशा सॉकेटमध्ये टेस्टर लख्ख पेटतो, आणि त्यावर साधा झिरोचा बल्बसुद्धा लागत नाही. समोरून बघताना जाड अर्थचं भोक वर धरलं तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवा. टेस्टर उजवीकडे पेटला म्हणून आपण खूश होतो. कधी कधी तो दोन्ही भोकांत पेटतो, मग तर लोकांना वाटतं डबल करंट आलाय! दोन्हीकडे पेटणं ही न्यूट्रल तुटल्याची बऱ्यापैकी पक्की खूण. त्याच लाइनवर दुसरं काही जोडलेलं असेल तर त्यातून फिरून फेज न्यूट्रलच्या भोकात येतो.

न्यूट्रल तुटतो कसा? आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि हवेत मीठ असतं. मिठाचा एक गुण आहे: हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. घरातल्या मिठाच्या बरणीचं पावसात काय होतं ते आठवा. तसंच सॉकेटच्या आतल्या धुळीतलं मीठ जून ते सप्टेंबर ओलं राहतं, तांब्याच्या तारेवर हिरवट पूड धरते, आणि जिथे स्क्रू आधीच थोडा ढिला आहे तिथे तर जोड पार खाऊन टाकते. एसी रोज चालू असला तर निदान लक्षण दिसतं, प्लग तापतो, वास येतो. चार महिने बंद असलेल्या एसीचा जोड गुपचूप मरतो.

वासावरून एक घर आठवलं. फोंडा तालुक्यातच, केरीच्या बाजूला. मावशी एकट्या राहतात, मुलगा बोटीवर. मी जायच्या आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. दुसऱ्याने नवीन बोर्ड आणून बसवलासुद्धा होता, तरी एसी तसाच मेलेला. मी आत गेलो आणि मासळीचा वास आला. आपल्या घरांत त्याचं काय एवढं, म्हणून मी सोडून दिलं. पण मावशीच म्हणाल्या, “आयज सोमार, नुस्तें खंयचें?” (आज सोमवार, मासळी कुठली?) आठ दिवस त्यांना वाटत होतं की मांजराने कुठेतरी डोकं आणून टाकलंय, पलंगाखालीसुद्धा बघून झालं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या पद्धतीचे पांढरे सॉकेट आणि प्लग ज्या प्लास्टिकचे असतात ते तापून करपायला लागलं की सडक्या मासळीसारखा वास मारतं. मेन बंद करून एसी बॉक्स उघडला. फेजची तार ठीक होती. न्यूट्रलचा स्क्रू तांबूस-काळा, भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं, आणि तार बोटाने हलवली तर तिची टोकं हिरवी भुकटी होऊन हातात आली. ज्याने पहिल्यांदा बसवलं होतं त्याने स्क्रू अर्धा तारेवर आणि अर्धा तिच्या वरच्या प्लास्टिकवर आवळला होता. मी दोन इंच तार कापून मागचं लाल तांबं मोकळं केलं, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावून नवीन सॉकेटमध्ये आवळलं. मेन टाकला आणि एसी बोलला. मग मावशींचा जुना बोर्ड पिशवीतून काढून परत लावून बघितला, तोही चालला. नव्या बोर्डाचे पैसे परत मिळाले की नाही ते मी विचारलं नाही.

आता तुम्ही स्वतः काय करू शकता ते सांगतो. सगळ्यात आधी एसीचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, दहा मिनिटं तसाच ठेवा आणि परत चढवा. लाइट ये-जा करते तेव्हा बोर्डातला छोटा कॉम्प्युटर कधी कधी अडकतो, तो यानेच सुटतो. बहुतेक मॉडेल वीज येताच एकदा बीप देतात किंवा पट्टी हलवतात, तेवढ्यावर कान-डोळा ठेवा. चढवताना एमसीबीचा दांडा पूर्ण खाली नेऊन मग वर करा. ट्रिप झालेला दांडा बऱ्याचदा अधेमधे थांबतो आणि लांबून चढलेलाच दिसतो.

तरीही काही नाही तर एसीचा प्लग काढा आणि त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावा. सॉकेट बारीक आणि जाड दोन्ही पिना घेणारं असेल तर सरळ लागेल. इस्त्री मुद्दाम सांगतोय, मोबाईलचा चार्जर नको. चार्जर इतका कमी करंट घेतो की खराब जोडावरही चालतो आणि आपल्याला गाफील ठेवतो. इस्त्री नेहमीसारखी तापली तर फेज, न्यूट्रल आणि सॉकेट तिन्ही बहुतेक ठीक. तापलीच नाही, किंवा तिचा दिवा फडफडला, तर तुमचा एसी बहुधा बिघडलेलाच नाही. मेकॅनिक नको, वायरमन बोलवा. घरात स्टॅबिलायझर असेल तर हीच परीक्षा स्टॅबिलायझरच्या आधी. त्यातही रिले (आतले आपोआप चालणारे स्विच) चिकटतात, आणि वीज आल्यावर काही मिनिटं थांबूनच तो पुढे सप्लाय सोडतो, तेव्हा घाई करू नका.

इस्त्री चालली तर हातात काढलेला एसीचा प्लग नीट बघा. पिना चकचकीत आहेत की तपकिरी? एखादी पीन हलते का? प्लगचं झाकण एका स्क्रूवर असतं. तो सॉकेटच्या बाहेर आहे तोवर उघडायला काही धोका नाही. आत तिन्ही तारा घट्ट आहेत का, हिरवं दिसतंय का, ते बघा. सॉकेट मात्र स्वतः उघडायचं असेल तर घराचा मेन पाडूनच, आणि सवय नसेल तर नकोच.

एक गोष्ट फ्लॅटमध्ये कमी आणि आमच्या गावच्या घरांत जास्त दिसते. थ्री फेजचं कनेक्शन असलं की एक फेज गेला तरी अर्धं घर चालू राहतं. फ्रिज चालतोय, टीव्ही चालतोय, मग एसीलाच काय झालं? तो गेलेल्या फेजवर आहे, एवढंच. आणि जिथे घराचाच मुख्य न्यूट्रल तुटतो तिथे उलटं होतं: काही उपकरणांवर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास येतात. वादळी रात्री एकाच वेळी टीव्ही, राउटर आणि एसी गेले असं कुणी सांगितलं की मी आधी मीटरपाशी जातो. तुमचं एकट्या एसीचंच गाऱ्हाणं आहे, म्हणून हे मी बाजूला ठेवतो.

रिमोटबद्दल दोनच वाक्यं. मोबाईलचा पुढचा कॅमेरा लावून रिमोटच्या टोकाकडे बघा आणि बटण दाबा, पडद्यावर टोक लुकलुकलं तर रिमोट जिवंत आहे. इनडोअरची पुढची फळी वर उचलली की बाजूला एक बारीक बटण असतं, ते दाबून रिमोटशिवायही एसी लागतो. त्या बटणालाही दाद नसेल तर रिमोटचा विषय संपला.

समजा इस्त्री तापली, प्लग स्वच्छ निघाला, बटणाला दाद नाही. इथून पुढे घरच्याने जाऊ नये. मेकॅनिकला बोलवा, पण बोर्ड आणायला सांगू नका, व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन यायला सांगा. त्याने इनडोअरच्या टर्मिनलवर (तारा जोडतात तिथे) फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये व्होल्टेज मोजून तुम्हाला आकडा दाखवावा. २३० च्या आसपास आला तर दोष खरोखर इनडोअरच्या आत. शून्य किंवा भलतंच काही आलं तर वाटेत. इन्व्हर्टरमध्ये इथे आणखी एक गोम असते: काही मॉडेलमध्ये सप्लाय आधी आउटडोअरला जातो आणि तिथून तारेने इनडोअरला येतो. अशा एसीत आउटडोअरच्या टर्मिनलवर गंज चढला, किंवा पाइपाबरोबर जाणारी तार उंदराने कुरतडली, की आतलं युनिट संपूर्ण मरतं आणि बिचाऱ्या इनडोअर बोर्डावर आळ येतो. तुमचं मॉडेल कुठल्या प्रकारचं आहे हे मला इथून सांगता येणार नाही. बसवणाऱ्याने कुठली तार कुठे नेलीय ते बघितल्यावर कळेल. तिसऱ्या मजल्यावरून आउटडोअरवर वाकून तुम्ही बघू नका, हे वेगळं सांगायला नको. शिवाय इन्व्हर्टरच्या आउटडोअरमधले मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटं तीनशेच्या वर व्होल्ट धरून असतात. आम्हीसुद्धा थांबून, मोजून मगच हात घालतो.

टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज आहे आणि बोर्ड उठत नाही, तेव्हासुद्धा ‘बोर्ड गेला’ म्हणजे पूर्ण बोर्ड गेला असं नसतं. वीज जिथे बोर्डात शिरते तिथेच काचेचा किंवा सिरॅमिकचा छोटा फ्यूज असतो, आणि त्याच्या शेजारी गोळीएवढी, बहुधा निळी, एक चपटी चकती. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज उसळलं की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि बाकीचा बोर्ड वाचतो. तिचं कामच मरायचं आहे. हे दोन्ही भाग मिळून चहा-भज्यांच्या पैशांत येतात. चकती तडकलेली किंवा काळी दिसली तर दोन्ही बदलायचे. नुसता फ्यूज बदलला तर तो लगेच परत उडतो आणि मेकॅनिक म्हणतो, बघा, बोर्डच गेलाय. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही. धंद्यात तिसरं वर्ष असताना वास्कोला मी स्वतः हेच केलंय. फ्यूज टाकला, उडाला, मोठ्या आत्मविश्वासाने नवीन बोर्ड लावला. जुना बोर्ड उस्तादाला दाखवला तर त्याने चकती कापून बाजूला ठेवली, नवीन फ्यूज टाकला आणि माझ्यासमोर चालू करून दिला. त्या बोर्डाचे पैसे मी गिऱ्हाइकाला परत केले, महिन्याच्या पगारातून.

तुमच्या बाबतीत या शक्यतेला थोडं वजन आहे. तुम्ही एसी रिमोटने बंद केला, प्लग काढला नाही. म्हणजे सगळा पावसाळा बोर्ड विजेवर जागाच होता. जूनच्या सुरुवातीच्या आणि आता परतीच्या पावसातल्या विजा त्याने झेलल्या. नुसता एमसीबी पाडूनही भागत नाही, कारण सिंगल पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पावसात एसी बंद ठेवायचा तर प्लग उपटून बाजूला. आणि पंधरा दिवसांतून एकदा, आकाश शांत असताना, अर्धा तास चालवायचा. बोर्ड गरम होऊन कोरडा होतो आणि पाल, मुंग्या मुक्काम करत नाहीत. बोर्डावर चिकटलेली पाल मी किती काढल्यात त्याचा हिशोब नाही.

एक सावधगिरीची सूचना. दिवा नाही, बीप नाही अशा एसीला बघून कुणी ‘गॅस संपलाय’ म्हणाला तर त्याला चहा द्या आणि पाठवून द्या. गॅस कमी झाला तर हवा गार येत नाही, पाइपावर बर्फ धरतो, इन्व्हर्टर असेल तर एरर दाखवतो. पण एरर दाखवायलाही दिवा लागावा लागतो. गॅसचा आणि दिव्याचा संबंध नाही.

तुमचं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असेल म्हणून: बीप येतो, आतला पंखा फिरतो आणि गार होत नाही, तर आधी पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर एकदा थांबला की सुमारे तीन मिनिटं तो परत लागत नाही, आतला दाब समान व्हावा म्हणून मुद्दाम. रिमोटवर २८ लावलंय आणि खोलीच २७ आहे, असंही असतं. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत आउटडोअर नुसता घुमतो आणि बंद पडतो, तेव्हा माझा पहिला संशय कपॅसिटरवर. लावल्या लावल्या एमसीबी पडत असेल तर शॉर्ट आहे, परत परत चढवू नका. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर एमसीबीचाच ढिला स्क्रू तापतोय का ते वायरमनला बघू द्या. आणि एमसीबी न पडता घराचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा सुरक्षा स्विच) पडत असेल तर वीज कुठेतरी जमिनीत गळतेय. पावसानंतर हे बरेचदा आउटडोअरच्या टर्मिनलमध्ये शिरलेलं पाणी निघतं. आरसीसीबी काढून सरळ जोड देतो म्हणणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, बोर्ड की नवीन एसी. बोर्ड खरंच गेला असं मोजून ठरलं तर आधी वॉरंटीचं कार्ड काढा. बऱ्याच कंपन्या पूर्ण एसीला एक वर्ष देतात पण बोर्डाला त्याहून जास्त, काही तर पाच वर्षं. तुमचा चार वर्षांचाच आहे. वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाला बोर्ड उघडूच देऊ नका, कंपनीचा माणूस बोलवा. वॉरंटी नसेल तर बोर्ड दुरुस्त करणारे पणजी-मडगावला आहेत, निम्म्याहून कमी खर्चात काम होऊ शकतं, अर्थात तांब्याच्या रेषा मिठाने खाल्लेल्या नसतील तर. आणि पैसे घालण्याआधी मेकॅनिकला आउटडोअरच्या जाळीचा, म्हणजे कॉइलचा, फोटो काढायला सांगा. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना बोट लावल्यावर पांढरी पूड पडत असेल तर ती कॉइल फार दिवस राहणार नाही, मग नवीन बोर्डावर सात हजार घालणं वेडेपणा. तुम्ही कांदोळीला समुद्रासमोर असता तर मी हा प्रश्न आधी विचारला असता. पर्वरीच्या पठारावर चार वर्षांत कॉइल एवढी जाऊ नये.

पण तो हिशोब मीटरनंतरचा. आज संध्याकाळी इस्त्री लावून बघा. प्लग उघडलात तर तारा सोडायच्या आधी फोटो काढून दाखवा, हिरवं किती आत गेलंय त्यावरून तार किती कापायची ते सांगतो.